मुक्त मूलकांचा शोध आणि गोळीचा भ्रम

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आज चहाच्या पाकिटापासून औषधांच्या दुकानापर्यंत सर्वत्र आढळतो. त्यामागील विज्ञान कसे घडले, हे पाहणे उद्बोधक आहे.

रेणूतील इलेक्ट्रॉन सहसा जोडीने असतात. ज्यात एखादा इलेक्ट्रॉन एकटा उरतो, तो मुक्त मूलक, म्हणजेच फ्री रॅडिकल. जोडीदार मिळवण्यासाठी तो शेजारच्या रेणूवर आघात करतो. १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी असा सेंद्रिय मूलक प्रथम ओळखला. पुढे दीर्घकाळ तो प्रामुख्याने रसायनशास्त्रज्ञांचाच विषय राहिला.

१९५४ मध्ये रेबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी विचार मांडला: अतिरिक्त ऑक्सिजनमुळे होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांमुळे होणारी इजा या दोहोंचे मूळ मुक्त मूलकांतच आहे. दोन वर्षांनी डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचे कारणही तेथेच शोधले.

मग ऑक्सिजनवर जगणारे सजीव तग कसे धरतात? उत्तर १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठातून आले. रक्तातील एक तांबेयुक्त प्रथिन तीस वर्षे ज्ञात होते. त्याचे कार्य मात्र अज्ञात होते. जो मॅक्कॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी दाखवले की ते सुपरऑक्साइड या मूलकाचे रूपांतर ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. पुढे कॅटलेजसारखी विकरे त्या पेरॉक्साइडचे विघटन करतात. पेशीपटलात ई जीवनसत्त्व स्वतःचा हायड्रोजन देऊन मेदांच्या ऑक्सिडीकरणाची साखळी तोडते, आणि क जीवनसत्त्व त्याला पूर्ववत करते. भारतातही भाभा अणुसंशोधन केंद्रात हळदीतील कर्क्युमिन मूलकांशी कशी अभिक्रिया करते, हे पल्स रेडिओलिसिस तंत्राने अभ्यासले गेले.

यावरून ‘अधिक अँटिऑक्सिडंट म्हणजे अधिक संरक्षण’ हा निष्कर्ष सहज काढला गेला. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, या निरीक्षणाने त्याला बळ मिळाले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची कसोटी घेण्यात आली. १९९४ मध्ये निकाल आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटले नाही, उलट ते १८ टक्क्यांनी वाढले! ई जीवनसत्त्वानेही या कर्करोगाला आळा बसला नाही. अमेरिकेतील अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली.

परीक्षानळीत मूलकाला शमवणारा पदार्थ शरीरात तसाच वागेल, असे नाही. शिवाय मूलक निव्वळ शत्रूही नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम निर्माण करतात. शरीराचे संरक्षण मूलकांच्या संपूर्ण नाशात नसून समतोलात आहे, आणि तो प्रामुख्याने आपली विकरे राखतात. संतुलित आहार त्यांना साहाय्य करतो. धूम्रपानाची हानी मात्र कोणतीही गोळी भरून काढत नाही.