नदीतली वाडी गेली, आता जुन्या जाळ्यावर वेल चढवू!

आज राजकारण नाही, ताटातला विषय आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

मागच्या आठवड्यात नाथसागराच्या काठाला, नेवासा-शेवगाव बाजूच्या एका मच्छीमार वस्तीवर गेलो होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. रात्रभर पाण्यावर राहून माणसं नुकतीच परतलेली. कटला, रोहू व्यापाऱ्याच्या क्रेटमध्ये गेलेला. घरात बाजरीची भाकरी, बारक्या मासळीचं कालवण आणि ठेचा. मी विचारलं, "मावशी, भाजी कधी करता?"

"बाजाराच्या दिवशी. तीबी परवडली तर." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सासऱ्याच्या टायमाला काकडी-टरबूज इकत घ्यायची गरजच नव्हती. नदीतच वाडी असायची."

घरी येईपर्यंत हेच डोक्यात फिरत होतं. नदीतली वाडी! आमच्या पिढीनं ती बघितलीच नाही.

थोडं मागं जाऊ. भोई समाज म्हटलं की आपल्याला पालखी, होडी आणि जाळं आठवतं. पण या लोकांचं चौथं काम होतं भाजीचं. उन्हाळ्यात गोदावरीसारखी नदी आटली की पात्रात वाळू उघडी पडायची. त्या वाळूत खड्डे घ्यायचे, खाली ओल लागली की शेणखत टाकायचं आणि टरबूज, खरबूज, काकडी लावायची. राखण करायला पात्रातच झोपडी. पहिल्या पुराच्या आत सगळं काढून घ्यायचं. ज्याला इंचभर जमीन नाही, त्याला नदी वर्षातून तीन-चार महिने शेतकरी करायची. विकून उरलेलं घरात यायचं, पोरांच्या पोटात जायचं.

मग धरण आलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. शंभर टीएमसीहून मोठा साठा, सुमारे ३५ हजार हेक्टरवर पाणी. पैठणला बांध आणि पाण्याचा फुगवटा आपल्या नेवासा-शेवगावात. धरणानं मराठवाड्याला पाणी दिलं, ते नाकारायचं कारण नाही. गावं उठली, त्यांचं दुःख आपण थोडंफार ऐकलंय. राज्याचा पुनर्वसन कायदासुद्धा १९७६ चाच, म्हणजे उद्घाटनाच्याच वर्षीचा. तोवर बरीच गावं उठलेली होती.

पण एका गोष्टीची नोंद कुठंच झाली नाही. मोबदला मिळाला तो ज्याच्या नावावर सातबारा त्याला. नदीच्या पात्राला कुठला आलाय सातबारा? वाळूतली वाडी पिढ्यान् पिढ्या कसली तरी कागदावर ती नव्हतीच. पाणी आलं आणि वाडी कायमची बुडाली.

बदल्यात काय मिळालं? मासे. मोठं पाणी, मोठा मासा, सोसायट्या, ठेके, व्यापारी. रोख पैसा आला, हे खरं. पण घरात पिकून पोटात जायचं ते आता बाजारातून आणावं लागतं. जाळं रिकामं आलं की भाजी आधी बंद होते. आपल्या जिल्ह्यात हे एकट्या नाथसागराचं नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं, राहुरीजवळ मुळा, तिकडं कर्जत-श्रीगोंद्याला उजनीचं पाणी. जिथं साठा, तिथं काठाला जाळ्यावर जगणारी घरं आहेत.

आता कुणी म्हणेल, मासे खाणाऱ्याला कसली कमतरता? मासळीतून प्रथिनं मिळतात. बारकी मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं. पण क जीवनसत्त्वासाठी भाजी-फळंच लागतात. बाजरीत लोह भरपूर असतं, पण ते अंगी लागायला सोबत लिंबू, टोमॅटो, कोथिंबीर असं काहीतरी लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. पाच वर्षांखालच्या लेकरांचा आकडा तर ६८.९ टक्के. हे सगळ्या राज्याचं झालं. बिगरजमिनीच्या वस्तीवर काय असेल, अंदाज करा.

"परसबाग करा" हा सल्ला या लोकांना हजारदा दिलाय. अहो, पण परस आहे कुठं? दोन पत्र्यांच्या खोल्यांमध्ये हातभर बोळ. जागा सरकारी, उद्या उठ म्हटलं तर उठायचं. आडवी जागा नसेल तर बाग उभी करावी लागेल.

उभी बाग हे फॅड शहरातल्या मॉलच्या हिरव्या भिंतींमुळं आपल्याला माहीत झालं. अमेरिकेत स्टॅनली हार्ट व्हाइट या प्राध्यापकानं १९३८ साली अशा भिंतीचं पेटंट घेतलं होतं. पण आपल्याकडं ही रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. पानमळा आठवा. शेवगा, हादगा, पांगारा यांच्या खोडावर नागवेल चढवायची, आणि वर हादग्याची फुलं, शेवग्याच्या शेंगा भाजीला. दारातला दोडक्याचा मांडव हीसुद्धा उभी बागच की. आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाण्यासाठी. त्यांनी जपलेल्या वालाच्या, घेवड्याच्या वेलींना लागतो तो मांडवच. आणि तिकडं केनियात, नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत, २००८ च्या सुमारापासून बायका गोणीच्या अंगाला भोकं पाडून पालेभाजी काढतायत. तिथंही जमीन नव्हतीच.

आता आपल्या वस्तीवर काय काय आहे ते बघा. खताच्या रिकाम्या गोण्या आहेत. धरणाचा गाळ आहे. फाटलेली नायलॉनची जाळी घरोघरी टांगलेली आहेत. दोन बांबूंना जुनं जाळं ताणलं की दोडका, कारलं, घोसाळं, वाल, मायाळू सरळ पत्र्यापर्यंत जातो. उन्हाळ्यात पत्रा कमी तापतो तो फायदा वेगळाच. गोणीत मधोमध खडीचा खांब करायचा, म्हणजे पाणी तळापर्यंत जातं. भोवती गाळ, माती आणि शेणखत. बाजूच्या भोकांतून पालक, चुका, राजगिरा, आणि वर मिरची-टोमॅटो. मासळीची घाण आणि गूळ समसमान घेऊन बंद डब्यात आंबवलं, की पातळ करून घालायला खत तयार. डबा मात्र नीट झाका, नाहीतर वस्तीवरची सगळी मांजरं पाहुणी येतील.

जास्तीचं बोलत नाही, हिशेब मांडतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेप्रमाणं माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी हवी, त्यात ५० ग्रॅम पालेभाजी. पाच माणसांचं घर धरलं तर रोज दीड किलो. आठ-दहा गोण्यांतून एवढी निघणार नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पाव किलो पालेभाजी, म्हणजे पाच जणांचा पाल्याचा वाटा, आलटून पालटून लावलं तर आवाक्यातला आहे. बाळंतिणीच्या आणि अंगणवाडीतल्या पोराच्या ताटात तेवढाही फरक मोठा.

मग अडतंय कुठं? त्या वस्तीवर पूर्वी एकदा बियाणांची पाकिटं वाटली होती. फोटो झाले, गाडी गेली. पुढं मे महिन्यात पाणी कुणी घालायचं, शेळ्या कुणी हाकलायच्या, हे कुणीच ठरवलं नाही. रोपं वाळली आणि "या लोकांना काही करायचंच नाही" असा शेरा मात्र राहिला. ज्यांच्या आज्यानं वाहत्या नदीच्या वाळूत टरबूज पिकवलं, त्यांना बागायत शिकवायला आपण कोण?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वस्तीवर नळाचं पाणी द्या. पोषण अभियानातून बियाणं द्याल तर वर्षभर विचारपूस करा. धरण उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन वाटताना मच्छीमार कुटुंबांचीही नावं घ्या, कारण नदीतली वाडी त्यांचीच होती. येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी काढा. कुणी नाहीच काढला तर मी काढतो.

निघताना मावशींना विचारलं, "आता लावाल का काही?" त्यांनी कोपऱ्यातलं फाटकं जाळं दाखवलं. "ह्याच्यावर कारलं चढंल. बी आणून दे."

बी घेऊन रविवारी जातोय. कुणाकडं गावरान दोडका-कारल्याचं बी असेल तर कळवा. आणि कुणाच्या आजा-पणज्यानं नदीत वाडी केली असेल तर खाली नक्की लिहा. ती माणसं आहेत तोवर हे लिहून ठेवायला हवं.