खडकीच्या लढाईतला भूशास्त्रज्ञ

बोरघाट चढून खंडाळ्याजवळ आलं की समोरचा डोंगर टप्प्याटप्प्यांचा दिसतो. ताठ काळा कडा, त्यावर झाडीची सपाट पट्टी, पुन्हा कडा. मी भूशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांना इथे उतरवून पहिलं नाव सांगायचो ते विल्यम हेन्री साइक्सचं. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणण्याची रीत त्याच्या १८३३ च्या निबंधापासून पडली, असं आमची पुस्तकं मानतात.

“म्हणजे इंग्रजच ना, सर?” असा प्रश्न ठरलेला. हो, इंग्रजच. आणि नुसता अभ्यासक नव्हे. १७९० चा जन्म, मिसरूड फुटायच्या आत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती, १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात, आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या माळावर देशी शिपायांच्या पुढे. पेशवाई बुडवणाऱ्या फौजेतला माणूस. त्यानंतर चारच महिन्यांनी विसापूर आणि लोहगड इंग्रजांकडे गेले. लोहगडाच्या पायथ्याशी उभं राहून साइक्सचं कौतुक करायचं तर हे आधी सांगायला हवं. मी ते कधी गाळलं नाही.

लढाईनंतर सात वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला एक विचित्र नोकरी दिली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत हिंडायचं आणि जे दिसेल ते मोजायचं. माणसं, जमिनीचे हक्क, पिकं, पाऊस, पक्षी, मासे, दगड. पूर्वी तलवार घेऊन तुडवलेला मुलूख आता तो वही आणि थर्मामीटर घेऊन हिंडू लागला.

थर्मामीटर कशाला? डोंगराची उंची काढायला. त्या काळी उंची मोजत ती पाऱ्याच्या बॅरोमीटरने, आणि त्याची लांब काचनळी प्रवासात हमखास फुटे. साइक्सचा उपाय सोपा होता. पाणी उकळायचं आणि ते किती अंशांवर उकळतं ते पाहायचं. जितकं उंच जावं तितका हवेचा दाब कमी, तितकं पाणी लवकर उकळतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर. इथे पाणी जेमतेम ९८ अंशांवर उकळतं. साध्या थर्मामीटरने उंची कशी काढावी यावर त्याने १८३८ मध्ये लेखच लिहिला. मुलांकडून मी हा प्रयोग स्टोव्हवर करून घ्यायचो. नंतर त्याच पाण्याचा चहा व्हायचा, त्यामुळे हजेरी चांगली असे.

खडकांत त्याला सगळ्यात जास्त चकित केलं ते थरांच्या आडवेपणाने. विहीर खोदणाऱ्या आपल्या माणसांना हे तोंडपाठ असतं: वर मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या, खाली कठीण काळा पाषाण, मध्येच लाल मातीचा पट्टा. साइक्सने हेच थर, त्यांतले स्फटिक, खांबांसारखे उभे राहिलेले बेसाल्ट आणि ती लोहयुक्त लाल माती लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. या थरांचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, हे कळायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

माशांच्या बाबतीत तर तो सरळ कोळ्यांचा विद्यार्थी झाला. खुदरी, कोलुस, नुक्ता, पोटेल ही इथलीच नावं त्याने लॅटिनच्या जोडीला बसवली. मुळा-मुठेतल्या महासीरचं ‘खुदरी’ हे नाव १८३९ पासून जगभर चालतं, आणि याच माशाची पिल्लं लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात वाढवून नद्यांत, तलावांत सोडली जातात. नावं सांगणाऱ्या कोळ्यांची नावं मात्र मागे राहिली नाहीत. हा त्या काळच्या विद्वत्तेचा दोष, एकट्या साइक्सचा नव्हे. पण दोष तो दोषच.

ही मोजदाद भोळी होती असंही नाही. राज्याला महसूल हवा होता. साइक्स फिरत होता त्याच वर्षांत प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याने केलेल्या जमीनमोजणीने पुणे जिल्ह्यात सारा इतका चढवला की शेतं पडीक पडली आणि कुणबी गाव सोडून गेले. साइक्सने मिरासदार, उपरी, थळकरी अशा जमीन कसणाऱ्यांची बारकाईने नोंद केली, पण वाचणाऱ्यांना आकडे दिसले, माणसं दिसली नाहीत.

१८२९ च्या अखेरीस सरकारने त्याचं पदच काढून टाकलं. गडी फौजेत परतला नाही. जानेवारी १८३१ पर्यंत त्याने बिनपगारी काम पुरं केलं. माझा त्याच्याबद्दलचा आदर मुख्यतः या वर्षभरासाठी आहे. निवडलेला दगड अर्ध्यावर टाकून न जाणारी माणसं आमच्या धंद्यात थोडी.

इंग्लंडात मग मानाची पदं आली: रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, कंपनीचं अध्यक्षपद, अ‍ॅबरडीनची खासदारकी. पण मला महत्त्वाचा वाटतो तो १८४७ चा एक रूक्ष लेख. कंपनीच्या फौजेत शिपाई कशाने मरतात, याचा. फौजा गोळीपेक्षा रोगांनीच जास्त खंगत, आणि गोऱ्यांच्या मृत्यूचं प्रमाण देशी शिपायांच्या दुपटीहून जास्त होतं. विशेष हे की देशी शिपायांचे आकडे त्याने गोऱ्यांच्या आकड्यांत मिसळले नाहीत. शीर्षकातच दोन्ही फौजा वेगळ्या नोंदवून त्यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला.