मोडेमची आज्ञाभाषा आणि विराम
दूरध्वनीद्वारा संगणक जोडण्याच्या इतिहासात १९८१ हे वर्ष महत्त्वाचे होय. तत्पूर्वी पुष्कळदा हाताने क्रमांक फिरवून रिसीव्हर रबरी खोबणीत बसवावा लागे. अमेरिकेतील हेज यांच्या ‘स्मार्टमोडेम’ने हे हस्तकर्म शब्दांकडे सोपविले: ‘एटी’ म्हणजे अवधान, ‘डी’ म्हणजे क्रमांक फिरविणे. परंतु आज्ञा व मजकूर मोडेमकडे एकाच तारेतून येत. मग भेद कसा ओळखावा? तीन अधिकचिन्हे आणि त्यांच्या मागेपुढे एका सेकंदाचे मौन, ही खूण ठरली. १९८५ मध्ये तिला अमेरिकेत एकस्व मिळाले. ते टाळण्यासाठी काही उत्पादकांनी मौन वगळले. तेव्हा मजकुरातच ती चिन्हे व पाठोपाठ एखादी आज्ञा आल्यास जोडणी तुटू शके. विराम हाही भाषेचा अर्थवाहक घटक आहे, याचा हा यांत्रिक पुरावाच म्हणावा लागेल.