सयाजीराव नावाचा घोडा : वेग, दमसास आणि जमिनीचा वाद

१/ जोगेश्वरीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या धिम्या लोकलने महालक्ष्मीला उतरले की रेसकोर्स जवळच आहे. दर फेब्रुवारीत तेथे इंडियन डर्बी होते आणि त्याआधी शौकिनांत एक ठरलेला वाद रंगतो: १६०० मीटर जिंकणारा घोडा २४०० मीटर टिकेल का? या वादाचे एक मोठे प्रकरण मराठी राजघराण्याशी जोडलेले आहे. #थ्रेड

२/ वादाचे मूळ लांब पल्ल्याच्या शर्यतींत आहे. आयर्लंडमध्ये १७५२ साली बटेव्हंट ते डोनरेल अशी दोन घोडेस्वारांची पैज लागली, असे परंपरा सांगते. एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्याच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे व चर ओलांडत धावायचे. मनोऱ्याला इंग्रजीत ‘स्टीपल’ म्हणतात. त्यावरून या प्रकाराला ‘स्टीपलचेस’ हे नाव पडले. लिव्हरपूलजवळची ग्रँड नॅशनल ही त्यातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत. चार मैलांहून अधिक अंतर आणि तीस उड्या! तेथे निव्वळ वेग कामाचा नसतो, दमसास लागतो.

३/ दमसासाची परीक्षा जमीनही घेते. कोरड्या, घट्ट धावपट्टीवर टापेला जमिनीकडून उसळी परत मिळते. पावसाने मऊ झालेल्या मातीत टाप रुतते आणि प्रत्येक ढांगेला जास्त शक्ती खर्च होते. त्यामुळे चिखलातील २००० मीटर घोड्याच्या छातीला त्याहून लांब वाटतात. घोड्याचा ‘पल्ला’ सांगताना जाणकार आधी जमीन विचारतात, ते यासाठीच.

४/ हा फरक महाराष्ट्रात सहज दिसतो. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ सालचे. त्याच्या आराखड्यासाठी मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सचा नमुना घेतला गेला. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. मुंबईचा हंगाम कोरड्या महिन्यांत असतो, तर पुण्याचा पावसाळ्यात. धावपट्टी किती मऊ आहे, हे पेनेट्रोमीटर नावाच्या साधनाने मोजून जाहीर केले जाते. २८०० मीटरची इंडियन सेंट लेजर पुण्यात होते, हेही लक्षात ठेवावे.

५/ आता बडोद्याकडे वळू. १९३९ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) निवर्तले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांना घोड्यांचे विलक्षण वेड होते. १९४३ मध्ये मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकणारी घोडी प्रिन्सेस ब्यूटिफुल त्यांचीच होती आणि तिच्यावर स्वार होता ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट.

६/ १९४५ मध्ये प्रतापसिंहरावांनी इंग्लंडमधील लिलावात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. म्हणजे किंमत झाली २९,४०० पौंड. एवढ्या वयाच्या शिंगराला तोवर इतकी किंमत कधीच मिळाली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. शिंगराचे नाव ठेवले गेले ‘सयाजीराव’.

७/ त्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. पिता निअर्को इटलीतील फेदेरीको तेसिओ यांच्या तबेल्यात वाढला. १४ शर्यती, १४ विजय. त्यांतील अखेरची १९३८ ची ग्राँ प्री द पारी, अंतर ३००० मीटर. माता रोझी लेजंड. दमसास रक्तातच होता, असे कागदावर तरी दिसत होते. मैदानावर ते सिद्ध व्हायचे होते.

८/ १९४७. न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज, अंतर एक मैल म्हणजे सुमारे १६०० मीटर. ट्यूडर मिन्स्ट्रल नावाच्या घोड्याने ती तब्बल आठ लांब्यांनी जिंकली. सयाजीराव तिसरा आला. ट्यूडर मिन्स्ट्रल हा शतकातील सर्वश्रेष्ठ घोडा असल्याची चर्चा सुरू झाली. डर्बी त्याचीच, असे बहुतेकांनी धरून चालले.

९/ डर्बी एप्समला, अंतर दीड मैल, सुमारे २४०० मीटर. निकाल असा: पहिला पर्ल डायव्हर, दुसरा मिगोली, तिसरा सयाजीराव आणि चौथा ट्यूडर मिन्स्ट्रल! मैलावर आठ लांब्यांनी जिंकणारा घोडा अर्ध्या मैलाच्या वाढीव अंतरात मागे पडला. ज्या सयाजीरावाला त्याने न्यूमार्केटला सहज हरवले होते, तो आता त्याच्या पुढे होता.

१०/ येथे शौकिनांत दोन तट पडतात. एक म्हणतो, अंतरानेच त्याला हरवले. दुसरा म्हणतो, घोडा सुरुवातीपासून लगामाशी झगडत होता आणि शक्ती तेथेच वाया गेली. शांत धावला असता तर टिकला असता. दुसऱ्या मतात तथ्य आहे, पण ते पहिल्याला खोडत नाही. वेगासाठी आतुर असलेला घोडा दम राखून धावत नाही. लांब पल्ल्यात स्वभाव हाही दमसासाचाच भाग ठरतो.

११/ सयाजीराव मात्र अंतर वाढले तसा खुलत गेला. त्याच वर्षी त्याने आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरमध्ये, भारत स्वतंत्र होऊन महिनाही उलटला नव्हता, तेव्हा डॉनकास्टरला सेंट लेजर झाली. अंतर सुमारे २९०० मीटर. एडगर ब्रिटने स्वारी केलेला सयाजीराव फ्रान्सच्या आर्बारपेक्षा केवळ एका मानेच्या आतील, डोक्याएवढ्या अंतराने पुढे राहिला. मिगोली तिसरा आला.

१२/ एवढ्याशा फरकाचा विजय किती मोठा मानावा? इतिहासात एखाद्या लढाईचे मोल प्रतिस्पर्ध्याच्या पुढील कर्तृत्वावरून जोखता येते. १९४८ मध्ये आर्बारने सुमारे ४००० मीटरचा ॲस्कट गोल्ड कप जिंकला, तर मिगोलीने पॅरिसची प्री द लार्क द त्रियाँफ. म्हणजे सयाजीरावाने त्या दिवशी दोन अस्सल दमदार घोड्यांना मागे टाकले होते.

१३/ या वैभवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांचे नाव घोड्याला मिळाले त्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोद्यात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबियाला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. नातवाच्या काळात मात्र तिजोरीतील पैसा कोठे जातो, हा प्रश्न बडोद्याच्या लोकप्रतिनिधींनी विचारला. रयतेच्या दृष्टीने २८,००० गिनी हा केवळ लिलावाचा आकडा नव्हता.

१४/ १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठही स्थापन झाले आणि त्याचे श्रेय प्रतापसिंहरावांना द्यावेच लागते. १९५१ मध्ये, विलीनीकरणाला आव्हान देण्याच्या हालचालींनंतर, भारत सरकारने त्यांची महाराजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. गादी पुत्र फत्तेसिंहराव यांच्याकडे गेली. एकाच नावाचे एक विद्यापीठ आणि एक घोडा, दोन्ही एकाच माणसाच्या कारकिर्दीत!

१५/ घोड्याचा वारसा पुढे चालला. त्याची कन्या ग्लॅडनेस हिने १९५८ मध्ये ॲस्कट गोल्ड कप जिंकला, तर पुत्र इंडियाना याने १९६४ ची सेंट लेजर. दोन्ही लांब पल्ल्याच्या शर्यती. पित्याचा दमसास पुढच्या पिढीत उतरला होता.

१६/ विज्ञानाने या वादात २०१० मध्ये भर घातली. डब्लिनच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन या जनुकाचा घोड्याच्या पसंतीच्या अंतराशी असलेला संबंध दाखवला. पुढे २०१२ च्या अभ्यासात असे दिसले की, या जनुकाचे वेगाला पोषक रूप आधुनिक घोड्यांत पसरण्यात निअर्क्टिक आणि त्याचा पुत्र नॉर्दर्न डान्सर यांचा मोठा वाटा होता. हा निअर्क्टिक कोणाचा पुत्र? निअर्कोचाच! एकाच पित्याच्या एका शाखेतून जगभर वेग पसरला आणि दुसऱ्या शाखेने सेंट लेजर जिंकली.

१७/ म्हणून ‘याचा बाप अमुक, म्हणजे हा टिकणारच’ हे विधान जपून करावे. घोड्याला पित्याकडून अर्धाच वारसा मिळतो. उरलेले मातेचे रक्त, स्वभाव, जॉकी आणि त्या दिवशीची जमीन ठरवते. १९४७ च्या टू थाउजंड गिनीजमध्ये सयाजीराव आठ लांब्यांहून अधिक मागे होता, सप्टेंबरमध्ये तो विजेता होता. घोडा तोच, फक्त अंतर बदलले होते. महालक्ष्मीच्या कठड्याशी उभे राहून डर्बीचा अंदाज बांधताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

(समाप्त)