खांदेरी: बंदराच्या तोंडावरचे बेट

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात दोन बेटे दिसतात. अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी. खांदेरीवर १८६७ साली बांधलेले अष्टकोनी दीपगृह आजही जहाजांना वाट दाखवते. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाला याच बेटावरून पुढे जावे लागते. खांदेरीसाठी इतके रक्त सांडले, ते यामुळेच.

शिवाजी महाराजांचा १६७२ मधला इथे किल्ला बांधण्याचा प्रयत्न इंग्रज आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या विरोधामुळे अडला. ऑगस्ट १६७९ मध्ये महाराजांचे सरदार मायनाक भंडारी माणसे घेऊन बेटावर उतरले आणि काम सुरू झाले. मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. त्यांनी वेढा घातला, 'रिव्हेंज' हे लढाऊ जहाज आणले, कॅप्टन केग्विनला पाठवले. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर पोचत आणि अवजड इंग्रजी जहाजांना त्यांच्या मागे जाता येत नसे. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालचे मराठा आरमार चालून आले. त्या लढाईत 'डव्ह' हे इंग्रजांचे गुराब जातीचे जहाज मराठ्यांनी धरले. रिव्हेंजने हल्ला परतवला, तरी बेट काही इंग्रजांना मिळाले नाही. जानेवारी १६८० मध्ये त्यांनी तह केला. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली.

पुढे मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर बून याने पुन्हा आरमार पाठवले. तेही हात हलवत परतले. अखेर पेशवाई बुडाल्यावर, १८१८ मध्ये बेट इंग्रजांकडे गेले.

आता इंग्रजांची गरज वेगळी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला प्रचंड मागणी आली, बंदरातली वर्दळ वाढली. ज्या उथळ, खडकाळ पाण्याने मराठ्यांच्या होड्यांना साथ दिली, तेच पाणी मोठ्या जहाजांच्या जिवावर उठणारे होते. पावसाळ्यात किनारा दिसेनासा झाला की खडक तळ फोडून काढत. म्हणून १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह आले. दीपगृहाच्या झोताची उघडझाप ठरलेली असते; त्यावरून खलाशी आपण कुठे आहोत ते ओळखतो आणि खडक टाळतो. खांदेरीनंतर आठ वर्षांनी कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर प्राँग्ज दीपगृह उभे राहिले.

बेटावर वेताळाचे देऊळ आहे, कोळी बांधवांचे श्रद्धास्थान. एक खडक असा आहे की दगडाने ठोकला तर धातूसारखा वाजतो. पर्यटक तो वाजवून, फोटो काढून परततात, याचे वाईट वाटते. बाहेरचा तट, बुरूज आणि तोफा पाहिल्याशिवाय दीपगृह इथेच का आले ते कळत नाही.

१९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळाले, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. जायचे तर पावसाळा टाळून जावे, आणि तटावरून पूर्ण फेरी मारून यावे.