डब्लिनकडे दुरून : जॉइस आणि जन्मनगराची दुसरी ओळख

देशांतर केलेला लेखक आणि त्याचे जन्मनगर यांच्या नात्याचा विचार करताना 'स्मरणरंजन' ही संज्ञा सहज हाताशी येते. दूर गेलेल्याला आपले गाव अधिक सुंदर दिसते, असे तीत गृहीत असते. जेम्स जॉइसच्या (१८८२–१९४१) बाबतीत हे गृहीत अपुरे पडते. अंतरामुळे त्याची डब्लिनविषयीची आवडनिवड बदलली, त्याहून अधिक बदलली ती पाहण्याची पद्धत.

ऑक्टोबर १९०४ मध्ये नोरा बार्नेकलसह जॉइसने डब्लिन सोडले. पुढे ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यातील ट्रिएस्ट या बंदरात तो इंग्रजी शिकवू लागला. 'डब्लिनर्स'मधील बहुतेक कथा या पहिल्या दोन वर्षांत पूर्ण झाल्या, आणि त्यांच्यामागे एक निवाडा होता. हे शहर आपल्या देशाच्या पक्षाघाताचे केंद्र आहे, असे त्याने १९०६ मध्ये प्रकाशक ग्रँट रिचर्ड्स यास कळविले होते. त्याच वर्षी तो रोममध्ये बँकेत कारकुनी करण्यास गेला. तेथून सप्टेंबरात बंधू स्टॅनिस्लॉस यास लिहिलेल्या पत्रात मात्र सूर पालटतो : आपण आयर्लंडविषयी विनाकारण कठोर झालो, तेथील आतिथ्य आपल्या कथांत उतरलेच नाही, आणि तसे आतिथ्य युरोपात अन्यत्र आढळले नाही. म्हणजे तुलनेसाठी दुसरे शहर मिळाल्यावरच पहिल्याचा हा गुण दिसू लागला.

'द डेड' ही कथा १९०७ मध्ये ट्रिएस्टला लिहून झाली, ती या जाणिवेतून. तथापि तिला प्रायश्चित्त म्हणणे सोपे उत्तर होईल. आतिथ्याची स्तुती जॉइस निवेदकाकडून करवीत नाही. ती गॅब्रिएल कॉनरॉयच्या मेजवानीतील भाषणात येते, आणि हा वक्ता सुट्टी युरोपात घालवू पाहणारा, आपल्याच देशाला कंटाळल्याचे बोलून गेलेला आहे. गुण मान्य होतो, पण तो सांगणाऱ्याच्या अधिकाराविषयीची शंकाही सोबत येते. निवाड्याच्या जागी प्रश्न येतो तो येथे.

१९१२ नंतर जॉइस डब्लिनला परतला नाही. १६ जून १९०४ या एका दिवसाचे 'युलिसिस' त्याने ट्रिएस्ट, झुरिक आणि पॅरिस येथे रचले. त्यासाठी १९०४ ची थॉमची डब्लिन निर्देशिका त्याने बारकाईने वापरली. १९२१ मध्ये त्याने डब्लिनमधील मामीला विचारले, की एकल्स स्ट्रीटवरील ७ क्रमांकाच्या घराचे कठडे ओलांडून सामान्य माणसाला इजा न होता खाली उतरता येईल काय? किल्ली विसरलेल्या ब्लूमला घरात शिरण्यासाठी तेच करावयाचे होते. शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. कठडा त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. परदेशस्थाला मात्र परिचिताचाही पुरावा गोळा करावा लागतो.

या दृष्टीची किंमतही मोजावी लागते. कादंबरीत डाक कचेरीच्या पोर्चखाली जोडे पुसणारी मुले हाका देतात, राजाची आद्याक्षरे मिरविणाऱ्या टपालगाड्या उभ्या असतात. ती कचेरी १९१६ च्या ईस्टर उठावात आगीने पोखरली गेली होती. २ फेब्रुवारी १९२२ रोजी पुस्तक पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या काही दिवस आधी ब्रिटिश सत्तेने डब्लिन कॅसलचा ताबा सोडला होता. जॉइसने जे इतक्या अचूकपणे मांडले, ते शहर तोवर इतिहासजमा झाले होते. दूर गेलेला लेखक स्थळ अधिक नेमके पाहतो; पण ते काळाच्या एका बिंदूवर थांबवून.

देशीयतेच्या चर्चेत लेखकाचे भूमीशी असलेले नाते कळीचे मानले जाते. 'युलिसिस' हे नाते निवासाहून निराळे करून दाखविते. भूमीत राहणे आणि भूमी जाणणे या दोन गोष्टी आहेत. दुसरीसाठी पहिली पुरेशी नसते, आणि पहिली गमावल्यावर दुसरी फुकट मिळत नाही. ती पत्रे लिहून, विचारपूस करून, तपासून मिळवावी लागते.