कोपरी ते कोल्हापूर: विमानाचे अंतर किती आणि वेळ किती लागतो?

मुंबई विमानतळ ते कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ हे हवाई अंतर साधारण ३१० किलोमीटर आहे. वैमानिकांच्या भाषेत सुमारे १६६ सागरी मैल (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). रस्त्याने हेच अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास भरते. रेल्वेने तर मुंबई सीएसएमटी ते कोल्हापूर ५१८ किलोमीटर, कारण गाडी पुणे, सातारा, सांगली, मिरज असा वळसा घेऊन जाते.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेली दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची रेषा. विमान मात्र नेमके त्या रेषेवरून उडत नाही. धावपट्टीची दिशा, वारा आणि ठरलेले हवाई मार्ग यांमुळे थोडे जास्त अंतर कापावे लागते.

मग तिकिटावर तास कसा?

एटीआरसारखे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ३१० किलोमीटरला ३७ मिनिटे पुरायला हवीत. पण वेळापत्रकात साधारण तासभर धरलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसरीकडे थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजतात. मुंबईत धावपट्टीपर्यंत जाणे आणि रांगेत थांबणे यातच बरीच मिनिटे जातात. जेट विमान वेगवान असले तरी इतक्या कमी अंतरात फारसा फरक पडत नाही. पूर्ण वेग घेतो न घेतो तोच उतरायची तयारी सुरू होते.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब

खरा प्रश्न इथे आहे. कोपरीहून पूर्व द्रुतगती महामार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने विमानतळ गाठायला पहाटे पाऊण तास, गर्दीच्या वेळी दीड तासही लागतो. चेक-इन काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोहोचलेले बरे. उड्डाण एक तास. उतरल्यावर सामान आणि शहरात जाणे मिळून आणखी पाऊण तास. एकूण चार ते पावणेपाच तास झाले. मोटारीने सात-आठ तास लागतात, म्हणजे वाचतात तीन-चार तास. घरी कुणी आजारी असेल, त्याच दिवशी पोहोचायचे असेल, तर हे तास मोलाचे. एरवी कल्याणहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली तर प्रवास झोपेतच होतो आणि सकाळी कोल्हापूर येते. आमच्या मते सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबासाठी गाडीच बरी.

तिकीट काढताना

मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय, कोल्हापूरचा केएलएच. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुटू लागली आहेत, त्यामुळे कोड नीट वाचा. सहार आणि उलवे यांत गफलत झाली तर विमान चुकलेच म्हणून समजा. छोट्या मार्गांवरच्या फेऱ्या आणि वारही बदलत असतात. परतीचे विमान त्या दिवशी आहे का, हे जाण्याचे तिकीट काढण्यापूर्वीच पाहा.